डावं त्याचं, उजवं तिचं

गोजरबाईनं डाव्या बाजूचं दूध वाटीत पिळलं. वाटी भरली आणि वर फेस आला. मग तिनं उजवी बाजू पिळायला घेतली. दोन थेंब आले, तिसरा येता येता थांबला.

मांडीपाशी दोन पोरं पडली होती. उजवीकडे तिची स्वतःची मुक्ता, चार महिन्यांची, मनगटं नुसती काड्या. डावीकडे कृपादान, ख्रिस्तवस्तीवरच्या याकोब मास्तरांचा मुलगा, वयानं मुक्ताएवढाच. त्याला जन्म देऊन त्याची आई गेली, तेव्हापासून तो गोजरच्या अंगावर पीत होता. चांगला गुटगुटीत झाला होता.

त्याला पाजायला सासूनं, बनुबाईनं, परवानगी दिली होती, पण अट घालून. गाईचे दोन सड वासराचे, दोन आपले, तसं. डावं त्याचं, उजवं आपल्या लेकीचं. त्याचं तिला नाही, तिचं त्याला नाही. बनुबाईनं गाईचं नाव पुढं केलं, तरी खरं कारण विटाळाचं होतं, हे अख्ख्या कोल्हार गावाला ठाऊक होतं. गोजरला मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून शब्द द्यावा लागला होता.

पण तान्ह्या पोरांना अटी कोण समजावणार? कृपादान दांडगा. त्यानं ओढून ओढून डावी बाजू वाहती केली. मुक्ता चार घोट घ्यायची आणि झोपी जायची, तसं उजवीकडचं आटत गेलं. अळीव झाले, बाजरीची खीर झाली, शेपू झाला. खाल्लेलं सगळं जणू डावीकडेच जात होतं. त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात प्रवरेत पाण्याचा टिपूस नव्हता आणि गोजरची चोळी मात्र एका बाजूनं सदा ओली.

"आत्याबाई, ही वाटी मुक्तीला चमच्यानं पाजू का?" तिनं विचारलं.

दाराशी हुलगे निवडत बसलेल्या बनुबाईनं मान वर केली नाही. "शब्द दिलाय तू. पोरीच्या डोक्यावरचा शब्द हाय."

गोजरनं वाटी मांडीजवळ ठेवली. जरा वेळानं बनुबाईच पुन्हा बोलली, "सांजच्याला मास्तर यील. पोरगं घिऊन जा म्हनून सांगितलंय त्याला. आपलं लेकरू वाळवून दुसऱ्याचं किती दीस पोसायचं?"

"तिकडं त्याला कोन पाजंल?"

बनुबाईला एक खडा सापडला. तो तिनं दाराबाहेर टाकला.

गोजरनं वाटी शेवग्याच्या बुडाशी ओतली आणि वरून तांब्याभर पाणी घातलं. सांडलेल्या दुधाला मुंग्या लागल्या की अंगावरचंही आटतं म्हणतात. घरात पोर उपाशी आणि दूध झाडाला. तिला रडू आलं. रडतच ती येऊन दोन पोरांच्या मध्ये आडवी झाली.

दुपार जड होती. धाब्याच्या छतातल्या सवण्यातून, उजेडाच्या भोकातून, उन्हाचा एक कवडसा गोधडीवर पडला होता. त्यात धूळ सावकाश फिरत होती. बघता बघता गोजरचा डोळा लागला. झोपेत ती प्रवरेत उभी होती. पाणी तिच्या डाव्या पायावरूनच वाहत होतं, उजवा पाय कोरड्या वाळूत. मग कुणीतरी वाळू उकरायला लागलं. उकरत राहिलं. वाळू जराशी ओली झाली.

घटाघट पिण्याच्या आवाजानं तिला जाग आली. डाव्या बाजूला कुणीतरी पीत होतं. तिनं हात फिरवला. डोकं इवलंसं होतं, जावळ मऊ. कानात काळा दोरा होता. कान टोचले होते ते फक्त मुक्ताचे.

आणि उजवीकडे कृपादान. मुठी आवळून तो कोरड्यालाच ओढत होता, चिडून सोडत होता, पुन्हा धरत होता.

गोजर दचकून उठायला गेली. खांद्यावर एक हात आला. हाताला हुलग्याच्या भुशाचा वास होता.

"नीज," बनुबाई म्हणाली. "तू झोपलेली हाईस."

"पन आत्याबाई, शब्द…"

"झोपलेल्या बाईचा शब्द मोडत न्हाई."

पोरांच्या पाठीशी गोधडीच्या वळकट्या लावून बनुबाई पुन्हा दाराशी जाऊन बसली. गोजरनं डोळे मिटून घेतले. इतक्या महिन्यांत लेकीच्या पोटातून पहिल्यांदा भरल्या पोटाची ढेकर आली. ती ऐकतानाही तिनं डोळे उघडले नाहीत. कवडसा गोधडीवरून भिंतीवर गेला.

ऊन उतरल्यावर याकोब मास्तर आले. रोजच्यासारखेच उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पोराला न्यायला म्हणून धुतलेलं धोतर खांद्यावर, हातात रबरी निपल लावलेली काचेची बाटली.

"मावशी, आलोय मी. त्याला घेऊन जातो."

"हळू बोला. सून निजलीय."

"राहुरीहून बाटली आणलीय. डब्याचं दूध पितो का बघतो." त्यांचा आवाज खाली गेला. "पिईल ना?"

बनुबाईनं बाटलीकडे बघितलं. सुपातले हुलगे तिनं एकदा पाखडले, मग सूप बाजूला ठेवलं.

"मास्तर, सड आटाय लागला तर आमी काय करतो ठावं हाय? दांडगं वासरू लावतो त्याला. दुबळ्याचं काम न्हाई ते. तुमचं लई दांडगं हाय. म्हैनाभर ऱ्हाऊ द्या."

मास्तरांनी बाटली धोतरात गुंडाळली.

"आणि गोजरताई? त्यांना चालेल?"

आत गोजर डोळे मिटून पडली होती. उजव्या बाजूला, खोल कुठंतरी, बारीक कळ आली आणि खाली उतरू लागली. कृपादान ओढायचा थांबला, आणि मग त्यानं पहिला घोट गिळला.

"तिला काय इचारता," बनुबाई म्हणाली. "ती झोपलीय. तिला यातलं कायबी ठावं न्हाई."