अरुणाताईंचे दुभाषी

लखनौच्या विकास नगरातून अरुणाताई नगरसेविका म्हणून निवडून आल्या, तेव्हापासून कार्यालयात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचे यजमान निरंजनराव बसू लागले.

नाल्याच्या कामासाठी इंजिनिअर आला होता. अरुणाताई यजमानांकडे वळून हळूच मराठीत म्हणाल्या, "अहो, त्याला सांगा, पावसाळ्याच्या आत झाकणं बसली नाहीत, तर काम पूर्ण झाल्याची सही मिळणार नाही." निरंजनरावांनी तेच हिंदीत सांगितलं. "जी भाईसाहब, हो जाएगा," म्हणून इंजिनिअर उठला. बाकावरचे एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "भाभीजी हर बात भाईसाहब से पूछकर करती हैं."

कोपऱ्यात बसलेल्या अबोलीला मात्र सगळं समजलं होतं. ती साताऱ्याची, हवाई दलातल्या नवऱ्याची बदली झाली म्हणून नुकतीच इथे आलेली. गर्दी ओसरल्यावर ती म्हणाली, "ताई, ठरवता तर सगळं तुम्हीच. हिंदी बोलायचा संकोच वाटत असेल, तर मी संध्याकाळी येत जाईन. माझं हिंदी बरं आहे."

अरुणाताई हसल्या. "अगं, बावीस वर्षं मी इथल्या शाळेत हिंदीच शिकवलं. मघाचा तो इंजिनिअर माझ्याच वर्गातला."

"मग?"

"पहिले सहा महिने मीच बोलत होते. तो सगळं नीट ऐकून घ्यायचा, आणि मग यांच्याकडे वळून विचारायचा, 'तो भाईसाहब, करना क्या है?'"