कठड्याकाठची वाट

सपाट छतांवरचं शेवाळ काढण्यात म्हातारबांचा जन्म गेला होता. तारेचा ब्रश, ब्लीचिंग पावडर आणि वर चुन्याचा हात.

घरच्या गच्चीवर मात्र बायको त्यांची खोडी काढायची. "अहो, तुमच्या पावडरीला कोण भितं? मी रोज कठड्याकाठी फेऱ्या मारते, म्हणून तिथे शेवाळ धरत नाही."

"बरं बाई, मग गिऱ्हाइकांकडेही तुलाच पाठवतो!"

पण खरं तिचंच होतं. रोज पाय पडतात तिथे शेवाळ येत नाही.

ती दिसेनाशी झाली, तिचा आवाज थांबला, त्याला वर्ष झालं. तिच्या वाटेवर पाऊल टाकायला म्हातारबांचं मन धजेना. ते दारापासून टाकीपर्यंत फेऱ्या मारत, रोज पहाटे अंधारातच, आणि तिच्याशी बोलत. एकदा तरी ओ यावी, एवढीच आस.

आज जाग उशिरा आली. ते वर आले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. सगळी गच्ची हिरवीगार झाली होती. कठड्याकाठची पट्टी तेवढी लख्ख होती, आत्ताच कुणी चालून गेल्यासारखी.

म्हातारबांचे डोळे भरून आले. "आहेस ना गं? मीही रोज येतो, बघ."

आणि स्वतःची वाट तिला दाखवायला ते मोठ्या कौतुकाने वळले.

दारापासून टाकीपर्यंत बोटभर शेवाळ होतं, मखमलीसारखं, सलग. ते त्याच्या मधोमध उभे होते. त्यांनी हळूच एक पाऊल उचललं.

पावलाखालचं शेवाळ जराही दबलेलं नव्हतं.