भाऊजींची पोकलेन

बकेट मशीनच्या हाताला जोडणारी पिन काही केल्या निघेना. फिटरने घण खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा घण उचलला. खाणीच्या तोंडाशी पोकलेन बकेट जमिनीला टेकवून अडून बसली होती आणि तिच्यामागे रिकाम्या डंपरांची रांग लागली होती. डंपरवाले खाली उतरून फुकटचे सल्ले देत होते.

मालकीणबाई हेल्मेट काखेत धरून जवळ आल्या.

"तुझे भाऊजी म्हणतात, मागच्या वेळी तू जुनीच पिन घासूनपुसून परत घातलीस. खरं का?"

घण हवेतच थांबला. भाऊजी, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचे यजमान आणि या पोकलेनचे ऑपरेटर, केबिनच्या पायरीवर बसले होते. त्यांनी घाईघाईने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"नवी होती, बाई. नवी कोरी."

"हे बघ, पिन हलकी असेल तर तू जाशील. ग्रीस मारलं नसेल तर ते जातील. तिसरं काही मला ऐकायचं नाही." एवढं बोलून बाई वाजणारा फोन कानाला लावत डंपरांकडे निघून गेल्या.

भाऊजींना इथे चिकटवलं होतं ते फिटरनेच. माझा माणूस आहे, डोळे झाकून मशीन द्या, असं त्याने याच बाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. बाईंनी मशीन दिलं, आणि डोळे झाकले ते फिटरने. एरवी रोज सकाळी तो प्रत्येक मशीनच्या पिनांभोवती बोट फिरवून बघायचा. ग्रीस नीट मारलं की आतलं जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येतं आणि त्यामागून ताजं. ऑपरेटर कितीही मुरलेला असो, बोट लावल्याशिवाय फिटर मशीन कामावर सोडत नसे. भाऊजींचं तेवढं सोडून. बहिणीच्या नवऱ्याच्या कामाला बोट लावून बघायचं म्हणजे काय? जावयाची उलटतपासणी घेऊ नकोस, असं आईनेही बजावलं होतं. मग तो शेडच्या दारातूनच बघायचा. ग्रीस चकाकताना दिसलं की हात उंचावायचा. भाऊजीही केबिनमधून हसून हात करायचे.

पुढच्या घावाला पिन सरकली आणि बकेटच्या पलीकडे जाऊन ठणकन पडली. फिटरने रिकाम्या भोकात बोट घातलं. लालसर भुकटी हाताला लागली. पिनेभोवतीचं बुश, म्हणजे आतली लोखंडी नळी, झिजून कागदाएवढं पातळ राहिलं होतं आणि त्याला धरणारं जाड लोखंड चिरलं होतं. कोरडी पिन आधी कुरकुरते, मग किंचाळते. खाणीच्या तळाशी ते ऐकायला एकटा ऑपरेटर असतो.

"भाऊजी, ही ओरडत नव्हती?"

"ओरडायची थोडीफार. मशीन म्हटलं की आवाज येणारच."

"आणि बाहेर दिसायचं ते ग्रीस?"

भाऊजींची नाडी अजून बांधून होत नव्हती.

फिटरने भोकाची कड नीट पाहिली. ग्रीस होतं, अगदी सढळ हाताने होतं. बोटाने लिंपलेलं, बोटाचे वळ अजून तसेच. आतून मात्र कणभरही आलेलं नव्हतं. असेल कंटाळा, असं त्याने मनाला समजावलं. माणूस दमतो, आज नको उद्या करू म्हणतो. शिवाय मागे बहिणीचा संसार आहे. पिन मीच हलकी घातली, असं सांगून टाकावं का? सांगूनच टाकावं. एवढं ठरवून तो पिन उचलायला बकेटला वळसा घालून पलीकडे गेला.

पलीकडे ग्रीसचा पत्ताच नव्हता. भोकाभोवती वाळलेल्या चिखलाचं जाड पुट चढलं होतं आणि ग्रीस भरायचं निपल त्यात पार बुजून गेलं होतं. इथे लिंपायचीही तसदी कुणी घेतली नव्हती. मशीन उभं केलं की ही बाजू कातळाकडे असायची. इथून कोण बघणार?

म्हणजे ते ग्रीस मशीनसाठी नव्हतं आणि बाईंसाठीही नव्हतं. शेडच्या दारात उभ्या राहणाऱ्या एका माणसाला दिसावं, म्हणून रोज आठवणीने लावलेलं होतं. फिटरला राग यायला हवा होता, पण आधी लाजच वाटली. आपण रोज किती प्रेमाने हात करत होतो!

भाऊजी मागोमाग आले. आवाज अगदी हळू, घरातला.

"दादा, दुसरा कुणी फिटर असता ना, तर रोज मारलं असतं हो. तुम्ही या बाजूला कधी येतच नव्हता."

ते माफी मागत होते की तक्रार करत होते, तेच फिटरला कळेना.

"पिन खराब निघाली म्हणून सांगा ना बाईंना," भाऊजी आणखी जवळ सरकले. "तुम्ही इथले जुने. तुम्हाला त्या रागावतील आणि विसरतील. मला थोडंच ठेवणार आहेत? आपल्या बहिणीकडे तरी बघा."

फिटरने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. पिन उचलून चिखलाने बुजलेल्या त्या निपलशेजारी ठेवली. मग डंपरांच्या दिशेने वळून त्याने जोरात हाक मारली.

"बाई, जरा या बाजूने येऊन बघता का?"