केसांची जाळी

अमेरिकेतल्या टोलेडोच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच जणी. व्हर्नेलला कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही चौघींनी आपापल्या आजारपणाच्या भरपगारी रजा तिच्या नावावर केल्या, स्वतःसाठी एकही ठेवली नाही. त्यावर तिचा हिवाळा निघाला. रजा संपल्या तशी ती कामावर परत आली आणि मागच्या दारात उभी राहिली, तुळतुळीत डोक्यावर केसांची जाळी चढवून. "जाळी कशाला गं? केस आहेत कुठे?" डोरीन म्हणाली. "नियम म्हणजे नियम," व्हर्नेल म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही हसलो. हसता हसता डोरीनला खोकला आला, मग मला, मग मॅकरोनी ढवळणाऱ्या दोघींनाही. व्हर्नेल एक पाऊल मागे सरली. "मला साध्या सर्दीपासूनसुद्धा जपायला सांगितलंय," ती म्हणाली. "बरं नाही तर रजा टाकून घरी पडायचं ना, बायांनो." मग तिच्याच लक्षात आलं. परत फिरायला तिच्याकडेही आता रजा नव्हती. तिने खिशातून मास्क काढून बांधला, जाळी कानांपर्यंत ओढली आणि आत येत विचारलं, "गाजरं चिरायला घेतली का कुणी?" दुपारी मुलांची शेवटची रांग जेवून जाईपर्यंत, उबळ आली की आम्ही एकेक करून फ्रीझरच्या खोलीत जात होतो आणि दार नीट लागलंय ना ते बघून मगच खोकत होतो.