राखीव प्रत

संगणक बघायला आलेल्या योस्बेलने डिस्कची तार काढली, टोकावर फुंकर घातली आणि दुसऱ्या खोबणीत खुपसली. पडद्यावर काहीच हललं नाही.

"तार ठीक आहे, बाई. पुन्हा सुरू करून बघतो."

"बघ बाबा. यंत्राचा काय भरवसा!" नेलिदाबाई म्हणाल्या, पण अजून त्यांचा जीव थाऱ्यावर होता. सकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, त्या झटक्यात त्यांची अकरा वर्षांची फाइल फुटली होती. उघडली की नुसते चौकोन. म्हणून काय झालं? संगणकाची स्वतःची सोय होती. बाहेरची डिस्क जोडून ठेवली की तो तासातासाला सगळ्याची प्रत काढून ठेवायचा. पुतणीने अमेरिकेतल्या टँपाहून धाडलेली काळी डबी त्यासाठीच तर कायम टेबलावर असायची.

फाइलमध्ये होत्या मागच्या टेकडीवरच्या रंगीत गोगलगायी. एकेकीच्या पाठीवर नेलपॉलिशने आकडा घालून, चिखल तुडवत केलेल्या नोंदी. वह्या मागच्या चक्रीवादळात गेल्या. सोमवारी हवानाहून सरकारी माणूस यायचा होता. नोंदी पटल्या तर टेकडी राखीव, नाहीतर तिथे खडीची खाण. बाराकोआत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"डिस्क दिसली," योस्बेल म्हणाला, आणि आतली यादी उघडली.

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. तुर्की मालिका, पर्व एक ते चार. कोलंबियाच्या दोन. बेसबॉलचे सामने. स्वयंपाकाच्या स्पर्धा.

"ही आमची डिस्क नव्हे."

"तुमचीच आहे, बाई. पाठीवर पुतणीचं नाव खरडलंय." त्याने आणखी चार ठिकाणी उघडून पाहिलं. बाईंनी त्याला सातवीत बेडकाचं हृदय शिकवलं होतं, त्यांच्याकडे न बघताच तो म्हणाला, "प्रत काढायची सोय बिघडलेली नाही. बंद केलीय. कुणीतरी हाताने. गेल्या वर्षी चौदा मार्चला."

स्वयंपाकघरात रिगोबेर्तो फडक्यातून कॉफी गाळत होता. ती धार थांबली.

घरात माणसं दोन. बाईंनी डिस्कला बोटही लावलं नव्हतं.

"रिगो!"

रिगोबेर्तो कप घेऊन आला. साधा माणूस. बायकोच्या कपात साखर जास्त घालून तो त्याने आधी तिच्यापुढे ठेवला.

"ही डबी तू पुडक्याला नेत होतास?"

"शनिवारी. तू टेकडीवर गेलीस की न्यायचो. तू यायच्या आत परत जागेवर." इंटरनेट परवडत नसल्याने आठवड्याचं पुडकं सगळी गल्लीच भरून आणायची: डिस्क न्यायची, पुडकेवाला मालिका, सिनेमे, सामने भरून द्यायचा.

"मी समजत होते, तुझ्या पेनड्राइव्हवर आणतोस."

"त्यात पुडकं मावतं होय? पुडकेवाला म्हणाला, काका, जागा नाही, हे जुनं काढू का? मला वाटलं, प्रतच तर आहे. अस्सल तुझ्याकडे आहेच की."

"आणि सोय का बंद केलीस?"

"मालिका बघताना मधेच चौकट यायची. डिस्कवर जागा नाही, डिस्कवर जागा नाही. तूच म्हणालीस, घालव रे ती मेली समोरून."

म्हणाल्या होत्या. मालिकेत धक्क्यावर नवरदेव बोटीत चढत होता, बाईंचे डोळे भरून आले होते, आणि चौकट नेमकी त्याच्या तोंडावर उगवली होती. हे आठवलं म्हणून राग कमी झाला नाही, उलट भडकला.

"मला ठाऊक होतं का ती कशाची चौकट? तुला ठाऊक होतं!"

"नवी डिस्क आली की गुपचूप सुरू करणार होतो. पुतणीला दोनदा निरोप धाडला."

चौदा महिने या माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर रोज कॉफी आणून दिली होती.

"रोज संध्याकाळी संगणक बंद करताना मी या डबीवर हात ठेवायचे," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "म्हणायचे, आता वादळ येवो, छप्पर उडो, माझ्या गोगलगायी सुखरूप आहेत. तू इथेच बसलेला असायचास. काय म्हणायचास तू?"

रिगोबेर्तोने तिचा कप उगाच आणखी तिच्याकडे सरकवला.

"या योस्बेलला सांग. काय म्हणायचास?"

"हो म्हणायचो."

योस्बेलने खुर्ची मागे सरकवली. "पुसलेलं कधीकधी परत काढता येतं, बाई. पण यावर दर शनिवारी नवं लिहिलं गेलंय. काही उरलं नसणार." मग तो म्हणाला, "पुन्हा मोजल्या तर? मी येतो की टेकडीवर."

"वर्षभर जगतात रे त्या. मेलेल्या कुठून आणू मोजायला?"

एवढ्यात रिगोबेर्तो पुढे झाला. योस्बेलच्या हातातून माउस घेऊन तो एकेक मालिका पुसू लागला. तुर्की पर्व चार, तीन, दोन. कोलंबियाच्या दोन्ही. सामने. कपाळावर घाम आला तरी थांबला नाही. डिस्कची यादी पांढरीशुभ्र झाली तेव्हा त्याने बायकोकडे पाहिलं.

"बघ, नेलिदा, सगळं काढलं. भरपूर जागा झाली."

बाई त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत होत्या.

"झाली," त्या म्हणाल्या. "आता तीत ठेवायला काय देतोस?"