घोळ्या औषध आणतो

“गुरुजी, बसा रिक्षात. तुमी पायी नि माजी रिक्षा मोकळी, ह्ये बरं दिसतं का?”

पोतनीस गुरुजी बसले नाहीत. ज्याची माफी मागायला उतारवयात नेरळहून झुकझुक गाडीनं माथेरानवर आलो, त्याच्याच हातरिक्षात बसून त्याला ओढायला लावायचं? त्यांच्यानं ते होईना. ते लाल मातीतून कमळ्याच्या बाजूनं चालू लागले. कमळ्या आता चांगला बत्तीस वर्षांचा बाप्या झाला होता. हसू मात्र तेच, दहा वर्षांच्या पोराचं, जे बघून गुरुजींनी ‘घोळ्या’ लिहिला होता.

घोळ्या कुणाला ठाऊक नाही? बारा पुस्तकं झाली होती त्याची. पोरं ताटावरचं जेवण सोडून घोळ्या वाचत आणि आया पाठीत धपाटे घालत. तो घोळ्या म्हणजे हा कमळ्या, कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या अलीकडच्या वाडीतला गुरुजींचा विद्यार्थी. सगळ्यांत गाजली ती पहिल्या पुस्तकातली गोष्ट, ‘घोळ्या औषध आणतो’. आई तापानं फणफणलेली. पोरगं औषधाला निघतं, वाटेत म्हशीचा किस्सा रंगवून सांगत बसतं आणि मग घाईघाईत गुरांना चोळायचं तेल घेऊन घरी येतं. आई बाटली हुंगते. हसून हसून घामाघूम होते आणि त्या घामानंच तिचा ताप उतरतो. “मेल्या, उशीर का केलास रं? बस जेवाया,” म्हणते.

यातलं अर्धं खरं होतं. त्रेपन्न साली दिपोटी साहेब शाळा तपासायला आले. स्वारी आंबट तोंडाची, कशानंच खूश होईना. शेरा काय पडतो म्हणून गुरुजींचा जीव टांगणीला लागलेला. तेवढ्यात शाळेवरून कमळ्या पळत जाताना दिसला. गुरुजींनी हाक मारली.

“कमळ्या, साहेबांना तो म्हशीचा किस्सा सांग बघू.”

“गुरुजी, आये लई आजारी हाय. कर्जतास्नं औषध आनायचं हाय.”

“अरे, आण की. दोन मिनिटं सांग नि पळ.”

मास्तराला नाही म्हणायची त्या काळी कुणा पोराची छाती नव्हती. दोन मिनिटांचा दीड तास झाला. पोरगंही रंगलं. म्हैस झाली, नवरदेव झाला, वाजंत्री झाले. दिपोटींची हसता हसता टोपी पडली. शेरा उत्तम पडला आणि साहेबांनी त्याच दुपारी गुरुजींना आपल्याबरोबर नेऊन बढतीवर चौक गावी नेमलं. त्या वाडीकडे त्यांनी पुन्हा वळून पाहिलं नाही. गोष्टीचा शेवट त्यांनी चौकला बसून मनानंच रचला.

आणि बावीस वर्षांनी, गेल्या सोमवारी, चौकच्या एसटी थांब्यावर त्यांना वाडीतली धोंडूबाई भेटली. तिच्या नातवाच्या हातात घोळ्याच होता.

“पोरं लई हसत्यात, गुरुजी,” ती म्हणाली. “पन कमळ्या औषधाला गेला, त्याच सांजंला त्याची आये मोतीबाई गेली की. कमळ्या पोचला तवा दवाखाना मिटलेला. मोकळ्या हातानं घरी आला, तर आयेला भुईवर घेतलेली. शेवटपातूर इचारत व्हती, कमळ्या आला का, कमळ्या आला का.”

तेव्हापासून गुरुजींना अन्न गोड लागत नव्हतं. एका मेलेल्या बाईच्या अंथरुणाशी उभं राहून आपण एवढी वर्षं लोकांना हसवलं. आणि तिच्या लेकाला वाटेत अडवलं कुणी? दुसऱ्या कुणी नाही, आपणच.

पिसरनाथाच्या देवळाच्या वाटेवर झाडी दाट झाली तसे गुरुजी थांबले. कमळ्यानं रिक्षा टेकवली.

“कमळ्या, मला माहीत नव्हतं रे,” गुरुजी म्हणाले. “पण तसं तरी कसं म्हणू? तू सांगितलं होतंस. मीच ऐकलं नाही.”

डोळे पुसत त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं.

“हे प्रकाशकाला पत्र. आता आठवी आवृत्ती निघतेय. ती गोष्ट पुस्तकातून काढून टाका, असं लिहिलंय. तुझ्या आईवर यापुढं कुणी हसणार नाही.”

कमळ्या पाकिटाकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

“आजून टाकलं नाय ना पेटीत?”

“नाही. आधी तुला विचारावं म्हटलं.”

“मग नका टाकू.”

पोराचं मन मोठं, आपल्याला सांभाळून घेतोय, असं गुरुजींना वाटलं. त्यांना ते जास्तच लागलं. “माझी कीव करू नकोस, कमळ्या. चार शिव्या दे हवं तर.”

“कीव कसली, गुरुजी? तुमास्नी माफ केलं का नाय, त्ये माजं मलाच ठावं नाय.” कमळ्यानं डोक्याचा पंचा काढून तोंडावरून फिरवला आणि तसाच हातात धरून ठेवला. “माजी सुंदरा चौथीत हाय. दिवस मावळला का मी तिला तीच गोष्ट वाचाया लावतो. ती म्हनती, बाबा, पाठ झाली आता, दुसरी वाचू. मी म्हनतो, नाय, हीच वाच. तिला म्हशीची गंमत वाटती. मी नुसता शेवट आयकाया बसतो.”

“अरे, पण तो शेवट खोटा आहे.”

“ठावं हाय, गुरुजी. पन उभ्या जल्मात त्या एकाच पानावर मी आये जित्ती हाय तवर घरी पोचतो.”