मागून बघणारी

दत्तोबा पेंटरची बायको अंबूबाई गेल्या, त्या दिवशी कासारवाडीच्या गल्लीला कळलं की दत्तोबांना रंग ओळखता येत नाहीत.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवी साडी मागितली. दत्तोबांनी कपाटातून एक काढून आणली.

"भाऊ, ही चॉकलेटी हाय. हिरवी आना," शेजारच्या विमलबाई म्हणाल्या.

त्यांनी दुसरी आणली. तीही चॉकलेटीच निघाली. तिसऱ्यांदा ते कपाटापुढे नुसते उभे राहिले.

"विमलबाई, तुमीच बघा. मला हिरवं-तांबडं कळत न्हाई. कधीच कळलं न्हाई."

दारात बसलेली पुरुषमाणसं एकमेकांकडे बघू लागली. दापोडीपासून चाकणपर्यंत कितीतरी घरांत दत्तोबांच्या हातची चित्रं टांगलेली होती. कुणाचे वडील, कुणाची आई. फेट्याचा गुलाबी, गालाचा गहूवर्ण, सगळं जसंच्या तसं.

दिवसकार्य उरकलं. पुढच्या एका रविवारी दुपारी रहाटणीहून त्यांची लेक दीपमाला आली. दत्तोबा बाहेरच्या खोलीत कॅनव्हाससमोर बसले होते. कॅनव्हासवर अंबूबाई होत्या, काळ्या-पांढऱ्या रंगात. केस, डोळे, गळ्यातले काळे मणी. बाकीच्या रंगांच्या ट्यूबा बाजूला पडल्या होत्या, झाकणं न उघडलेल्या.

"आण्णा, ट्यूबवर नाव असतं की रंगाचं."

"असतं. गालाची ट्यूब कुठं मिळती?"

दीपमालानं मोबाईल काढला. कॅमेरा धरला की रंगाचं नाव सांगणारं काहीतरी तिनं त्यांच्यासाठी मोबाईलमध्ये घेतलं होतं. कॅनव्हासशेजारी ठेवलेल्या आईच्या फोटोवर मोबाईल धरून तिनं वाचलं, "लाईट ब्राऊन."

"तुझी आई लाईट ब्राऊन हुती व्हय गं?"

दोघंही हसले. हसता हसता दीपमालानं ओढणी डोळ्यांना लावली.

"मग इतकी वर्षं रंग कसे लावलेत? आई सांगायची?"

"शाळेत मी झाड तांबडं केलं म्हून मास्तरनं मारलं हुतं. तवापासनं कुनाला बोललो न्हाई. पर तुझ्या आईनं लगीन झाल्या-झाल्या वळखलं. मग माझ्या मागं बसायची, मेथी निवडत. मधीच वरडायची, 'अवो, पाटलाला कावीळ झालीया! म्हातारीला उन्हात वाळवली का काय? दूध घाला वाईच.' दूध म्हंजी पांढरा. मी म्हनायचो बरोबर हाय, ती म्हनायची न्हाई. लई भांडायची. भांडून भांडून मानूस उभा राहायचा."

"तिचं चित्र मात्र कधी काढलं नाही तुम्ही."

"म्हनलं हुतं एकदा, समोर बस. तर म्हनती, मी समोर बसल्यावर मागून बघनार कोन?"

दीपमाला स्टूल ओढून त्यांच्या मागे बसली.

"मी बघते. करा तुम्ही."

दत्तोबांनी ट्यूबांवरची नावं वाचून पिवळा, तांबडा आणि पांढरा घेतला. रंग कालवले. ब्रशचं टोक अंबूबाईंच्या गालावर टेकवलं.

"कसं हाय?"

"बरोबर आहे, आण्णा."

त्यांनी थोडा आणखी तांबडा घेतला. "आन आता?"

"छान दिसतंय."

"आन तांबडा कमी केला तर?"

"तसंही चांगलंच दिसेल."

दत्तोबांनी मागे वळून पाहिलं. दीपमाला चित्राकडे बघत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती.

"तू भांडत न्हाईस गं पोरी," ते म्हणाले.

त्यांनी चिंधी घेतली आणि गालावरचा रंग हळूहळू पुसून काढला. ब्रश धुतला. दीपमाला चहा ठेवायला आत गेली.

चित्र भिंतीला टेकून उभं आहे. केस झाले, डोळे झाले, मणी झाले. चेहऱ्याला रंग लावायचा राहिला आहे.